एक माळ, बारा माणसं, चार वाटाडे

सोलापुरात तरुण पोरं एकत्र जमली आणि निसर्गासाठी काही करायचं म्हणाली, की पहिला प्रस्ताव ठरलेला असतो: माळ मोकळाच पडलाय, झाडं लावू. पाचशे खड्डे, पाचशे रोपं, एक बॅनर. जूनमध्ये फोटो होतो, फेब्रुवारीत खड्ड्यांत वाळक्या काड्या उभ्या असतात. काड्या वाळल्या त्याचं एवढं वाईट वाटून घेऊ नये. जास्त नुकसान जगलेल्या रोपांनी होतं. हा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, माळावर माती कुठे वीतभर तर कुठे चार बोटं, खाली मुरूम आणि काळा पाषाण. इथे मुळातच गवताचं राज्य. धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी, खोकड, काळवीट ही सगळी उघड्यावर लांबवर नजर टाकून जगणारी मंडळी आहेत. त्यांच्या मधोमध गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा उभ्या केल्या की शिकारी पक्ष्यांना आणि कावळ्यांना बसायला जागा मिळते, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्यांची पंचाईत होते. १९७९ साली सोलापूरजवळच्या नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, ते या उघड्या गवताळ रानामुळेच.

म्हणून आमच्या गटाने रोपं सोडली आणि माळ दाखवण्याची फेरी धरली. महिन्यातला एक रविवार, दरवेळी तोच माळ, वस्तीतली बारा माणसं आणि त्यांना नेणारे सतरा ते बावीस वयाचे चार वाटाडे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एकदा नेणं सोपं आणि वर्षभर नेत राहणं अवघड, आणि माळ कळायचा तर वर्षभरच जावं लागतं.

जागा ठरवताना नान्नजचं नाव आधी येतं. तो मोह आवरावा. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. परवानगी मिळाली तरी दर महिन्याला नवशिक्यांचा घोळका तिथे नेण्यात शहाणपण नाही. शिवाय माळढोक दिसेल या आशेवर नेलेला माणूस बाकी काहीच बघत नाही. देशभरात मिळून माळढोक दीडशेच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसणं आता अपवाद. हे फेरीच्या निरोपातच स्पष्ट लिहून टाकावं, नाहीतर परतीच्या वाटेवर एखादे काका विचारतातच, “मग बघितलं काय आपण?”

आम्ही शोधतो ते असं रान: वस्तीपासून दहा-बारा किलोमीटरच्या आत, डांबरी रस्त्यापासून थोडं आत, गायरान किंवा पडीक मुरमाड जमीन, आणि तिच्यातून गेलेली बैलगाडीची जुनी वाट. गावात गट नंबर विचारून घ्यायचा आणि महाभूलेखवर सातबारा बघायचा. खासगी निघालं तर मालकाची, गायरान असेल तर ग्रामपंचायतीची, वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी. अर्ज एका पानाचा पुरतो: कोण, किती जण, कुठली वाट, कुठले महिने, आणि काही तोडणार नाही, उचलणार नाही, पेटवणार नाही, अशी हमी. अर्जाची पोच घेऊन तिचा फोटो चारही वाटाड्यांच्या फोनमध्ये ठेवायचा. भल्या सकाळी गळ्यात दुर्बिणी घातलेली अनोळखी पोरं दिसली की गावकरी हटकणारच, आणि त्यांचं काही चुकत नाही.

वाट एकूण दीड किलोमीटरची, वळसा घालून परत येणारी. जाताना तोंड पश्चिमेकडे हवं. सूर्य पाठीशी राहतो, पक्ष्याच्या अंगावर उजेड पडतो. उलट्या दिशेने निघालं की चंडोल काय, भारीट काय, सगळे काळे ठिपके. नवीन माणसाला वाटतं आपले डोळेच अधू आहेत. वाटेत एक उंचवटा, एक ओघळ आणि बोर किंवा हिवराचं एखादं झुडूप असेल तर तीन तऱ्हेची वस्ती एका फेरीत बघून होते. वाटाड्यांनी ही वाट आधी तीनदा तरी चालून ठेवायची: एकदा फेरीच्या वेळी, एकदा भर दुपारी, एकदा पाऊस पडून गेल्यावर. दुपारी सावली कुठे उरते ते कळतं. पावसानंतर ओघळ ओलांडता येतो की नाही आणि रिक्षा कुठवर येते तेही कळतं. काळ्या रानात चाक रुतलं की सकाळ गेलीच.

चार वाटाड्यांची कामं वेगवेगळी आणि ठरलेली. पहिला सगळ्यांच्या पुढे; त्याच्या पुढे कोणीही जायचं नाही. शेवटचा सगळ्यांच्या मागे. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. तिसरा वही सांभाळतो. चौथ्याकडे घड्याळ, पाणी आणि औषधांची पिशवी. तो पक्षी दाखवत बसत नाही. हे चौथं काम कोणालाच नको असतं, म्हणून ते आळीपाळीने. सुरुवातीला सगळ्यांनाच पुढे चालायचं असतं, पण खरं कसब मागच्या माणसाचं. चप्पल तुटलेलं पोरगं, दम लागलेल्या मावशी, फोटोसाठी रेंगाळणारा कोणी, हे सगळे त्याच्या वाट्याला येतात.

वाटाडा होण्यासाठी पक्षीतज्ज्ञ असायची गरज नाही. त्या वाटेवरचे पंधरा पक्षी, पाच गवतं, चार तऱ्हेच्या विष्ठा आणि तीन तऱ्हेची बिळं एवढं खात्रीने ओळखता आलं की पुरे. पंधरांत टिटवी, माळटिटवी, डोंबारी, चंडोल, खाटीक, कोतवाल, वेडा राघू, नीलपंख, कापशी घार हे येतातच. गवतांत कुसळी, मारवेल, पवना. बाकी जे येत नाही त्याला “मला माहीत नाही, वर्णन लिहून ठेवू” असं म्हणायचं. हे वाक्य तोंडात बसवायला सर्वांत जास्त सराव लागतो. कॉलेजचा मुलगा लहान मुलांसमोर अडला की काहीतरी ठोकून देतो, आणि ती चुकीची माहिती पोरं दहा घरांत पोहोचवतात.

अठराच्या आतल्या प्रत्येकाचं पालकांच्या सहीचं पत्र घ्यायचं, वाटाडा असला तरी. मुलींच्या घरी नुसता निरोप चालत नाही. पहिल्या फेरीला आईला किंवा आजीलाच बरोबर बोलवायचं. त्या एकदा येऊन गेल्या की पुढचा प्रश्न मिटतो, आणि गवतांची नावं त्यांच्याकडूनच कळतात, हा वरचा फायदा.

सामानात सर्वांत महाग दुर्बीण. ८×४२ घ्यावी. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची घेऊ नये. नवशिक्याचा हात हलतो आणि हलणंही दहापट दिसतं. पाच ते आठ हजारांत कामापुरती मिळते. बारा जणांना चार पुरतात, तिघांत एक. निघण्याआधी दहा मिनिटं ती लावायला शिकवायची. हे राहिलं की निम्मे लोक अख्खी फेरी धूसर बघतात आणि लाजेने बोलत नाहीत. आधी दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराइतक्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत आणायच्या. मग उजवा डोळा झाकून, समोरच्या विजेच्या खांबावर डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवून स्पष्ट करायचं. मग डावा झाकून त्याच खांबावर उजव्या नळीवरची कडी फिरवायची. ती कडी ज्याच्या-त्याच्या डोळ्यानुसार असते, म्हणून तिघांनी आपापला आकडा हातावर पेनाने लिहून ठेवायचा. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडची रबरी कडी खाली दुमडायची. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. आधी दुर्बीण लावून मग आभाळात शोधत बसलं की काही सापडत नाही. हा सराव माळावर न करता आधी शहरातल्या कंबर तलावावर करून घेतला तर उत्तम. तिथे पाणकावळे, वंचक, वारकरी एका जागी बराच वेळ थांबतात.

बाकी सामान स्वस्त. दहापटीचं एक हातभिंग. पेन्सिली, कारण घामाने आणि पावसाने पेनाची शाई पसरते. अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपचे एक-एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो, न चिकटवलेले, म्हणजे चौकट मोडून पिशवीत मावते. काटा काढायला टोकदार चिमटा. ओआरएस, पट्ट्या, क्रेप बँडेज. पाणी हिवाळ्यात माणशी एक लिटर, मार्चपासून दोन. बूट सक्तीचे, चप्पल घातलेल्याला रिक्षात बसवायचंच नाही, कितीही वाईट वाटलं तरी. पांढरा आणि भडक लाल कपडा नको. खाकी, मातकट, करडा चालतो.

निघायची वेळ सूर्यावर. डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मेअखेर सहाच्या आतच. उगवण्याच्या वेळी माळावर पाय लागला पाहिजे. दोन तासांनी परत. उन्हाळ्यात दीडच तास, कारण नऊनंतर मुरूम तापायला लागतो आणि पक्षीही गप्प होतात. इथला पारा बेचाळीस ओलांडतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कोणीतरी “आठला निघू, चहा घेऊन” म्हणतंच.

माळावर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी खाली बसायचं. बोलायचं नाही, दुर्बीणही लावायची नाही. माणसं आली की चंडोल दबून बसतात; ती स्थिरावली की पुन्हा गायला लागतात. डोंबारी वर चढतो, पंख मिटून खाली झेपावतो, पुन्हा वर. हे चालू झालं की समजायचं, माळाने आपल्याला खपवून घेतलं. लहान मुलं तीन मिनिटांत चुळबुळतात. त्यांना एक काम द्यावं: जितके वेगळे आवाज ऐकू येतील तितकी बोटं मिटायची.

मग चालणं. दहा-पंधरा पावलं, थांबणं. बहुतेक वेळ नजर खाली. बिया गोळा करणाऱ्या मुंग्यांच्या बिळाभोवती फोलपटांचं कडं असतं. मऊ धुळीत वाळवाघ या मुंग्या पकडणाऱ्या किड्याचे उलट्या शंकूसारखे खळगे असतात. काळवीट एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतं, त्यामुळे तिथे ढीग दिसतो. शेळी चालता-चालता टाकते, त्यामुळे तिच्या विखुरतात. लांडग्याच्या किंवा खोकडाच्या विष्ठेत केस आणि हाडांचे कण सापडतात, पण ती काडीने उसकून बघायची, हात लावायचा नाही. त्यातून माणसाला जंत होऊ शकतात.

सगळ्यांत रंगतो तो कुसळाचा प्रयोग. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळीचं बी पिकतं. प्रत्येक बियाला एक लांब, पीळ असलेलं शेपूट असतं. वाळलेलं एक कुसळ तळहातावर ठेवायचं आणि पाण्याचे दोन थेंब टाकायचे. थोड्या वेळात ते आपोआप फिरायला लागतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यात बियाचं टोकदार तोंड मातीत शिरत जातं. लोकरीच्या मोज्यात घुसतं तेही असंच. ज्यांनी आयुष्यभर धोतरातून, परकरातून कुसळं उपसली, ते आजोबा-आजी हे बघून पोरांपेक्षा जास्त हरखतात. तळहाताची कातडी पातळ असलेल्या लहान मुलांना मात्र हातावर न देता ओल्या फडक्यावर दाखवावं.

चौकटीचं काम थोडं रुक्ष, पण ते टाळू नये. वाटेकडेच्या एका ठरावीक दगडापासून पश्चिमेकडे वीस पावलं मोजून चौकट टाकायची, म्हणजे दर महिन्याला साधारण तीच जागा येते. आत किती तऱ्हेच्या वनस्पती आहेत ते मोजायचं. नावं नसली तर ‘अ’, ‘आ’, ‘इ’ लिहून एकेक पान वहीत चिकटवायचं. उघडी माती किती, ते चार भागांत किती भाग अशा अंदाजाने. मग पाच मिनिटं चौकटीत येणारे-जाणारे किडे. दुसरी चौकट जवळच्या गिरिपुष्पाच्या किंवा वेड्या बाभळीच्या सावलीत टाकायची. दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले की माळावर झाडं का लावायची नाहीत, हे वाटाड्याला वेगळं सांगावं लागत नाही. सप्टेंबरातला आकडा एप्रिलमध्ये वाचून दाखवला की “हा माळ मेलाय” म्हणणाराही गप्प होतो. वाळलेल्या गवताची मुळं खाली जिवंत असतात.

एप्रिल ते जुलै फेरीचे नियम बदलतात, आणि बहुतेक गट इथेच चुकतात. टिटवी आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर बहुधा चार अंडी घालतात. धाविकाची दोन-तीन असतात. घरटं म्हणजे खड्ड्यासारखी जागा आणि चार खडे. अंड्यांचा रंग मुरमाचाच, त्यामुळे अंडी दिसायच्या आत पायाखाली येतात. या महिन्यांत गाडीवाट सोडायची नाही, चौकट नाही, पांगणं नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की आपण घरट्याजवळ आहोत. तिथून पुढे न जाता आल्या पावली मागे फिरायचं. कोणीतरी “टिटवी ओरडते, अपशकुन आहे” म्हणेलच. त्याला सांगावं की तिच्या दृष्टीने अपशकुन आपणच आहोत. अंड्यांपाशी खूण म्हणून दगड रचायचे नाहीत, फोटोसाठी रिंगण धरायचं नाही. कावळे माणसांवर नजर ठेवून असतात. मे महिन्यात तर टिटवी पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी थंड ठेवते. तिला बराच वेळ दूर ठेवलं तर उन्हात अंडी जातात.

फोनमधून पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलवायचं नाही, कोणत्याच महिन्यात नाही. नर आपल्या हद्दीत दुसरा आला समजून भांडायला धावतो आणि खाण्याचा, पिल्लांचा वेळ घालवतो. आवाज ओळखणारी ॲप वापरायला हरकत नाही, पण ॲपने नाव सांगितलं म्हणून वहीत लिहायचं नाही. डोळ्यांनी खात्री झाली तरच. गावातली कुत्री फेरीच्या मागे येतात. बिस्किटाचा एक तुकडा टाकला की ती पूर्ण वाट बरोबर राहतात आणि ससे, पिल्लं उठवतात. खाणं रिक्षापाशी परतल्यावरच.

सापाबद्दल आधीच सगळ्यांसमोर बोलावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे चारही या भागात आहेत. माळावर फुरशाची आणि घोणसाची शक्यता जास्त. दगड उलटायचे नाहीत, बिळात काडी घालायची नाही, गवतात बसण्याआधी पायाने जागा मोकळी करायची. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे वळायचं नाही. माणसाला आडवं करायचं, तो हात किंवा पाय फळीला किंवा दुमडलेल्या वर्तमानपत्राला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी-पैंजण काढायचे, १०८ला फोन करायचा आणि सरळ सिव्हिल गाठायचं. सरकारी दवाखान्यात मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. माळावर फोनला रेंज कुठे लागते, ही जागा चौथ्या वाटाड्याला पाठ हवी.

वर्षाची मांडणी माळच करून देतो. मृगाचा पहिला पाऊस झाला की मखमली लाल किडे वर येतात, दोन-चार दिवसच दिसतात. ती फेरी रविवारची वाट न बघता काढावी. ऑगस्ट-सप्टेंबर गवत आणि किड्यांचे. ऑक्टोबरात उत्तरेकडून भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात, गवताच्या अगदी जवळून तरंगत जातात. ते रात्री गवतातच जमिनीवर एकत्र उतरतात, म्हणून संध्याकाळची फेरी हिवाळ्यात काढत नाही. ५ ते १२ नोव्हेंबर राज्याचा पक्षी सप्ताह असतो. ५ हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, आणि ते जन्मले सोलापुरात. १२ हा डॉ. सलीम अलींचा. शाळा त्या आठवड्यात स्वतःहून बोलावतात, पण वर्षातली सगळी ताकद तिथेच संपवू नये. डिसेंबर-जानेवारीत एक फेरी माळ सोडून हिप्परग्याच्या तलावावर. १८७१ साली बांधलेला हा तलाव थंडीत पट्टकादंब, चक्रवाक, शेकाट्यांनी गजबजतो. बदकं पोहत असतात, उडत नाहीत, त्यामुळे नवशिक्याला पहिल्यांदा नीट काही दिसतं ते तिथेच. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, त्या आठवड्यात काही ठरवायचंच नाही. वाटाडेच मिळत नाहीत. मार्चमध्ये परीक्षा, फेरी लहान.

माणसं जमवायची तर वस्तीची वेळ आणि भाषा बघावी लागते. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, आणखी कुठे कन्नड, कुठे उर्दू. यंत्रमागाच्या पाळ्या, विड्या नेऊन द्यायची घाई, हे आधी विचारल्याशिवाय वेळ जाहीर केली तर नुसते विद्यार्थी येतात. चारपैकी एका वाटाड्याला तरी त्या गल्लीची भाषा यायला हवी. आमच्याकडे एक तक्ता आहे: डावीकडे चित्र, पुढे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असे चार रकाने. आधी कोरे ठेवून आलेल्या लोकांकडून भरून घ्यायचे. एका पक्ष्याला तीन नावं आली तर तिन्ही लिहायची.

मेंढपाळाशी मात्र फेरीच्या आधीच ओळख हवी. “मामा, मेंढरं आज कुणीकडं?” एवढं विचारून त्याची दिशा सोडून वाट धरायची. तो रोज त्या माळावर असतो. लांडग्याचं बीळ, खोकडाची पिल्लं, घोणस कुठे निघते, सगळं त्याला माहीत. चराईमुळे माळ संपला असं भाषण त्याच्यासमोर कोणी ठोकू नये. बेताची चराई गवत सहन करतं. नांगर, खाणकाम आणि प्लॉट पाडणं सहन करत नाही. त्याने बिळाची जागा सांगितली तर ती वाटाड्यांतही एकमेकांना सांगू नये, फक्त ती बाजू टाळायची. समाजमाध्यमांवर लांडगा, खोकड, कोणतंही घरटं यांच्या फोटोसोबत ठिकाण टाकायचं नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण धूसर करायची सोय आहे, ती वापरावी. आणि फोनचं लोकेशन बंद करूनच फोटो काढावा.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो. सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर, किती जण बघत होते, हे चारही भरले तरच ती यादी पुढे कोणाच्या उपयोगाची. दिसलेला किंवा ऐकलेला प्रत्येक ओळखलेला पक्षी लिहिला असेल तरच ‘संपूर्ण यादी’ला होकार द्यायचा. साळुंकी-कावळा “ते काय लिहायचं” म्हणून गाळले की यादी अपूर्ण होते. संख्या मोजली नसेल तर अंदाज लिहावा. आकड्याऐवजी ‘एक्स’, म्हणजे पक्षी होता पण मोजला नाही, हे अगदी शेवटचं. दुर्मीळ नाव लिहायच्या मोहात न पडता ‘भोवत्या, जात अनिश्चित’ असं लिहिता येतं, आणि भोवत्यांच्या माद्या व कोवळ्या वयाचे पक्षी तर ओळखायला तज्ज्ञांनाही जड जातात.

फेरी बिघडते ती बहुधा गर्दीने. एखादा दाता टी-शर्ट देतो, बारांचे चाळीस होतात, पाहुण्यांचं स्वागत, ध्वनिक्षेपक, ड्रोन. अशा दिवशी माळावर जाऊच नये. कार्यक्रम शाळेच्या पटांगणात करावा. तेराव्या माणसाला पुढच्या महिन्याचा नंबर द्यावा. नाही म्हटल्याने लोक तुटत नाहीत, उलट पुढच्या वेळी वेळेवर येतात.

ज्यांना हाताने काही करायचंच आहे त्यांच्यासाठी शाळेतला माळाचा तुकडा. तीन बाय तीन मीटर पुरे, पूर्ण उन्हातला. बी आपल्याच फेरीच्या वाटेकडेचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दहा ओंब्यांतून दोन घेऊन, जागामालकाला विचारून. मारवेल आणि पवना घ्यावं. प्राथमिक शाळेत कुसळी लावू नये, कुसळं पोरांच्या पायांत जातात. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवायचं. ताजं बी लगेच उगवत नाही, जूनपर्यंत थांबलं तर बरं. मे महिन्यात जमीन बोटभर उकरायची, खत घालायचं नाही, कारण खताने तणच माजतं. पहिला चांगला पाऊस झाला की बी चौपट वाळूत कालवून फेकायचं, वर अगदी पातळ माती, एक सेंटिमीटरहून जास्त नाही. खोल गाडलेलं बी वाया जातं, आणि बी फुकट गेल्याच्या बहुतेक तक्रारी याच कारणाच्या. गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं, हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. पावसाळ्यानंतर पाणी द्यायचं नाही. हिवाळ्यात तुकडा पिवळा पडतो. तेव्हा शिपाईमामा झाडून साफ करायला निघतात, म्हणून ‘हे गवत मुद्दाम ठेवलं आहे’ अशी पाटी आधीच लावावी. जानेवारीत वीतभर ठेवून वरचं कापायचं आणि कापलेलं गोठेवाल्याला द्यायचं.

वाटाडे दोन-तीन वर्षांत जातात. पदवी झाली की पुणे, नाहीतर हैदराबाद. म्हणून प्रत्येकाने जाण्याच्या वर्षभर आधी आपल्या गल्लीतला एक धाकटा बरोबर घ्यायचा. तो सहा महिने मागच्या वाटाड्याबरोबर चालतो, मग वही, मग पिशवी, शेवटी पुढे. वही, परवानगीच्या पोचा, दुर्बिणींच्या पावत्या आणि फोनगटाचं ॲडमिनपद बारावीच्या निकालानंतरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर बदलतं. दुर्बिणींची भिंगं तेव्हाच तपासायची: दमट कपाटात बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि वर तारीख. जुना वाटाडा दिवाळीला गावी आला आणि फेरीला आला, तर तो बारांतला एक. तो रांगेत मध्ये चालतो आणि विचारल्याशिवाय नाव सांगत नाही.